आमंत्रण सगळ्यांना, मग पंगती दोन का?

इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात चुनखडीची एक शिळा आहे. तिच्यावर ग्रीक भाषेत सात ओळी कोरलेल्या आहेत. मजकूर थोडक्यात असा : परक्या वंशाच्या कोणीही मंदिराभोवतीच्या कठड्याच्या आत येऊ नये, जो आत सापडेल त्याच्या मरणाला तो स्वतः जबाबदार. क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला ही शिळा १८७१ मध्ये जेरुसलेममध्ये सापडली. तेव्हा ते शहर ऑटोमन साम्राज्यात होतं, म्हणून ती राजधानीला गेली. पुढे १९३०च्या दशकात तशाच दुसऱ्या शिळेचा तुकडा मिळाला. त्याच्या अक्षरांत लाल रंगाचे अंश अजून शिल्लक होते. पाटी लांबून वाचता यावी, नंतर कोणी ‘दिसली नाही’ म्हणू नये, अशी सोय केलेली होती.

हेरोद राजाने भव्य करून बांधलेल्या यहुदी मंदिराच्या आवारातल्या या पाट्या. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो, की कठडा तीन हात उंच होता आणि ठरावीक अंतरावर ग्रीक व लॅटिन भाषांत असे इशारे लावलेले होते. कठड्याबाहेरचं विस्तीर्ण अंगण मात्र सगळ्यांना मोकळं होतं. ग्रीक, सिरियन, रोमन, कोणीही तिथे यावं, प्रार्थना करावी, देणगी द्यावी. थोडक्यात, यायला मज्जाव नव्हता; कुठपर्यंत यायचं ते ठरलेलं होतं.

इसवी सन ५७च्या सुमारास याच आवारात पौल नावाच्या माणसाला जमावाने धरलं. इफिसच्या त्रोफिम नावाच्या ग्रीक माणसाला त्याने कठड्याच्या आत नेलं, असा आरोप होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक म्हणतं, की लोकांनी त्रोफिमला पौलाबरोबर शहरात पाहिलं होतं आणि तो आतही गेला असणार असं गृहीत धरलं होतं. रोमन शिपायांनी पौलाला जमावाच्या हातून सोडवलं आणि बेड्या घातल्या. त्यानंतरची त्याची सगळी हकीकत कैदेतली आहे.

‘शुभवर्तमान सर्व राष्ट्रांसाठी आहे’ हे वाक्य आता इतकं सवयीचं झालंय, की येशूच्या शिष्यांना ते पहिल्या दिवसापासून पाठ असावं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या वाक्यापर्यंत पोचायला त्यांना जवळजवळ वीस वर्षं लागली आणि त्या वीस वर्षांत कडाक्याची भांडणं झाली. मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही, की भांडण देवाच्या स्वरूपावरून पेटलं नाही. ते पेटलं कोणी कोणाबरोबर जेवायचं यावरून. रोटीव्यवहार म्हणजे काय हे ज्या समाजाला समजावून सांगावं लागत नाही, त्या आपल्या समाजाला हा इतिहास युरोपीय वाचकापेक्षा लवकर कळायला हवा.

आधी एक गैरसमज बाजूला करू. यहुदी धर्म बंदिस्त होता आणि येशूच्या शिष्यांनी तो मोकळा केला, ही मांडणी सोपी आहे आणि चुकीची आहे. दार उघडं असण्याची कल्पना मुळात यहुदी शास्त्रांतलीच. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव डोंगरावर सर्व लोकांना मेजवानी देतो असं चित्र आहे. त्याच पुस्तकात मंदिराला सर्व राष्ट्रांचं प्रार्थनागृह म्हटलंय. दावीद राजाची पणजी रूथ ही मवाबी, म्हणजे परकी. योना संदेष्ट्याला देव शत्रूच्या राजधानीत, निनवेला पाठवतो. त्याला जायचं नसतं, तो यापो बंदरातून उलट्या दिशेचं जहाज पकडतो, आणि शेवटी निनवेच्या लोकांना क्षमा मिळाली म्हणून रुसून बसतो. परक्यांवर देवाने दया केली म्हणून चिडणाऱ्या आपल्याच माणसाची अशी फिरकी घेणारं पुस्तक धर्मग्रंथांत ठेवणाऱ्या समाजाला कोत्या मनाचा म्हणणं अवघड आहे.

मग सुंता आणि खाण्यापिण्याच्या नियमांवर एवढा जोर का? कारण त्या नियमांची किंमत रक्ताने मोजलेली होती. येशूच्या आधी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अंतियोख एपिफानेस या ग्रीक राजाने यहुदी आचारांवर बंदी घातली. बाळाची सुंता केली म्हणून आयांना ठार मारलं गेलं; डुकराचं मांस खायला नकार दिला म्हणून म्हाताऱ्या माणसांनी मरण पत्करलं. मक्काबी ग्रंथांत या हकिकती आहेत. ज्यांच्या आजी-पणज्यांनी एका घासासाठी जीव दिला, त्यांना ‘जेवणात काय आहे?’ असं सहज म्हणता येत नाही.

या नियमांची ताकद बघायला आपल्याला लांब जायचं कारण नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण भागातल्या बेने इस्रायल लोकांची ओळख शेजाऱ्यांना कशावरून होती? तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. शतकानुशतकं इतर यहुदी जगाशी संबंध तुटलेला, हिब्रू जवळपास विसरलेली, बोली मराठी, पेहराव कोकणी. तरी सुंता टिकली, शनिवार टिकला आणि खवले-पंख नसलेला मासा न खाण्याचा नियम टिकला. समाज म्हणून ते उरले ते या तीन-चार आचारांच्या जोरावर. पहिल्या शतकातल्या जेरुसलेममध्ये ‘परक्यांना सुंतेशिवाय घ्या’ असं कोणी म्हटलं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा का आला असेल, हे यावरून कळेल.

शिवाय परक्यांसाठी एक मधली जागाही होती. रोमन साम्राज्यातल्या यहुदी सभास्थानांच्या आसपास ‘देवभीरू’ लोकांचा एक वर्ग असे. त्यांना एकच देव पटलेला, शास्त्रवाचन आवडायचं, ते दानधर्म करत. पण सुंता करून पूर्ण यहुदी होण्यापर्यंत जात नसत. प्रौढ पुरुषाला, भूल नसलेल्या काळात, ती शस्त्रक्रिया म्हणजे चेष्टा नव्हती. आजच्या तुर्कस्तानातल्या अफ्रोडिसियस शहरात नंतरच्या काळातला एक शिलालेख सापडला आहे. त्यात यहुदी नावांची एक यादी आहे आणि खाली ‘देवभीरू’ म्हणून वेगळी यादी आहे. कठड्याबाहेरच्या अंगणासारखीच ही रचना : या, बसा, ऐका, यादी मात्र वेगळी.

येशूचं स्वतःचं वागणं या बाबतीत सरळ रेषेत नाही, आणि शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांनी ते लपवलेलंही नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तो शिष्यांना परराष्ट्रीयांकडे जाऊ नका असं बजावतो. त्याच पुस्तकाच्या शेवटी सर्व राष्ट्रांकडे जा म्हणतो. मार्कच्या सातव्या अध्यायातला प्रसंग तर भाविक वाचकालाही अडखळायला लावतो. सूर प्रांतातली एक परकी बाई आपल्या आजारी मुलीसाठी विनवणी करते. येशू म्हणतो, मुलांची भाकरी कुत्र्यांना घालणं बरं नाही. ती बाई मागे हटत नाही. मुलांच्या हातून पडलेला चुरा टेबलाखालची कुत्रीही खातात की, असं ती उलट सांगते आणि येशू तिचं म्हणणं मान्य करतो. चारही शुभवर्तमानांत वादात येशूला निरुत्तर करणारी व्यक्ती शोधायला गेलं तर ही एकटी सापडते, आणि ती बाई आहे, परकी आहे, आणि तिचा मुद्दा जेवणाचा आहे.

येशूवर सर्वांत जास्त वेळा घेतलेला आक्षेपही जेवणाचाच : हा जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवतो. जकातदार म्हणजे रोमन सत्तेसाठी किंवा तिच्या मांडलिकांसाठी वसुली करणारे, स्वतःचा हिस्सा वर काढणारे आपलेच लोक. त्यांच्याशी बोलणं वेगळं, त्यांच्या घरी पानावर बसणं वेगळं. जेवणं म्हणजे नातं मान्य करणं.

याच वातावरणात लूकच्या चौदाव्या अध्यायातला मोठ्या मेजवानीचा दाखला येतो. यजमान पुष्कळांना बोलावतो. जेवण तयार झाल्यावर निरोप जातो, तर एक म्हणतो मी शेत घेतलंय ते बघायला जायचंय, दुसरा म्हणतो बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात त्या पारखायच्यात, तिसरा म्हणतो माझं नुकतंच लग्न झालंय. न बघता कोणी शेत घेत नाही आणि न जुंपता कोणी बैल घेत नाही. गावाकडच्या श्रोत्यांना या सबबी ऐकून हसू आलं असणार. यजमान चिडतो आणि चाकराला गल्लीबोळांतून गरीब, लुळे, आंधळे, लंगडे यांना आणायला सांगतो. तरी जागा उरते. मग तो त्याला गावाबाहेर, रस्त्यांवर आणि कुंपणांपाशी पाठवतो. या तिसऱ्या फेरीत वाचकांनी पुढे परराष्ट्रीय पाहिले. दाखल्यातली एक गोष्ट मात्र सहसा निसटते. बोलावलेल्यांच्या यादीत असणं कामाला येत नाही, असंही हा दाखला म्हणतो. म्हणजे दार मोकळं आहे हे ऐकून बाहेरच्याला दिलासा मिळतो, तसा आतल्याच्या पायाखालचा गालिचाही सरकतो.

येशूच्या मृत्यूनंतर, म्हणजे साधारण इसवी सन ३० नंतर, शिष्यांचा गट जेरुसलेममध्ये होता आणि पूर्णपणे यहुदी होता. पेंटेकॉस्ट या यहुदी सणाच्या दिवशी पार्थियापासून रोमपर्यंतच्या लोकांनी आपापल्या भाषेत संदेश ऐकला म्हणून तो सोहळा ‘सर्व राष्ट्रांचा’ म्हणून सांगितला जातो. पण ते श्रोते सणासाठी आलेले यहुदी आणि रीतसर यहुदी झालेले लोक होते. खरी कसोटी पुढे होती.

ती पहिल्यांदा एका रथात आली. इथियोपियाच्या राणीचा खजिनदार, जो षंढ होता, जेरुसलेमहून परतताना यशयाचं पुस्तक वाचत होता. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा माणसाला देवाच्या मंडळीत प्रवेश नाही. एवढा लांबचा प्रवास करून आलेला हा माणूस आवारात कुठपर्यंत जाऊ शकला असेल? फिलिप्प नावाचा शिष्य रथात चढला तेव्हा तो यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायावर होता. तीनच अध्याय पुढे परक्यांना आणि षंढांनाही देवाच्या घरात जागा आणि नाव मिळेल असं वचन आहे. वाटेत पाणी दिसल्यावर त्याने फिलिप्पाला विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला आता कशाची अडचण आहे? त्याने रथ थांबवायला सांगितला आणि दोघे पाण्यात उतरले. पण हे आडरस्त्यावर घडलं, आणि तो माणूस त्याच्या वाटेने निघून गेला. त्याच्याबरोबर रोज जेवायला बसायची वेळ कोणावर आली नाही.

ती वेळ येशूच्या प्रमुख शिष्यावर, पेत्रावर आली. प्रसंग यापो बंदरातला, जिथून योना पळाला होता त्याच बंदरातला. पेत्र शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी उतरला होता. हा धंदा मेलेल्या जनावरांचा, वासाचा, गावाच्या कडेचा. घर समुद्राकाठी होतं असं ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणारा लूक मुद्दाम नोंदवतो. दुपारची वेळ, पेत्र धाब्यावर प्रार्थनेला गेलेला, खाली स्वयंपाक चाललेला, आणि त्याला भूक लागलेली. तंद्रीत त्याला दिसतं, की आकाशातून चार कोपऱ्यांनी धरलेली एक मोठी चादर खाली येते आहे. तिच्यात चतुष्पाद, सरपटणारे प्राणी, पक्षी, सगळं एकत्र. आवाज येतो : ऊठ, मार आणि खा. पेत्र सरळ नाही म्हणतो. निषिद्ध काही मी आजवर खाल्लेलं नाही. आवाज म्हणतो, देवाने जे शुद्ध केलं त्याला तू निषिद्ध म्हणू नकोस. हे तीनदा होतं. पेत्र तिन्ही वेळा ठाम, चादर परत वर.

तो डोकं खाजवत असतानाच दारात माणसं येतात. कैसरीया या रोमन सुभेदाराच्या शहरातून, कर्नेल्य नावाच्या शताधिपतीने पाठवलेली. कर्नेल्य देवभीरूंपैकी होता : प्रार्थना करणारा, गरिबांना देणारा, पण सुंता न झालेला रोमन अधिकारी. पेत्र त्या माणसांना त्या रात्री घरात ठेवून घेतो. दुसऱ्या दिवशी सहा जणांना साक्षीला घेऊन किनाऱ्याने पन्नासेक किलोमीटर उत्तरेला जातो आणि परराष्ट्रीयाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतो. कर्नेल्य पाया पडायला वाकतो. पेत्र त्याला उठवतो, मीही माणूसच आहे म्हणून. मग तो बोलायला लागतो आणि भाषण पुरं व्हायच्या आतच पवित्र आत्मा त्या घरातल्या लोकांवर उतरतो. पेत्राबरोबर आलेले सुंता झालेले लोक थक्क होतात. आता यांना पाणी कोण नाकारणार, असं म्हणून पेत्र त्यांना बाप्तिस्मा द्यायला सांगतो आणि काही दिवस तिथेच राहतो.

तो जेरुसलेमला परत आल्यावर जाब विचारला गेला. बाप्तिस्मा का दिलास, असं कोणी विचारलं नाही. विचारलं ते हे : सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन तू त्यांच्याबरोबर जेवलास?

पेत्राने सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली आणि वाद तेवढ्यापुरता मिटला. खरा भडका उडाला अंत्युखियात. ओरोंतेस नदीकाठचं हे शहर रोम आणि अलेक्झांड्रियाच्या खालोखाल साम्राज्यातलं तिसरं मोठं शहर मानलं जाई. आज ते तुर्कस्तानात आहे, अंताक्या नावाने. २०२३च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात ते जवळजवळ जमीनदोस्त झालं. यहुद्यांबाहेर, थेट ग्रीकांना संदेश सांगण्याचा प्रयोग इथे सुरू केला तो सायप्रस आणि कुरेनेहून आलेल्या काही लोकांनी. त्यांची नावं कोणी नोंदवली नाहीत. मंडळीच्या पुढाऱ्यांत मात्र सायप्रसचा बर्णबा होता, निगेर म्हणजे ‘काळा’ म्हटला जाणारा शिमोन होता, उत्तर आफ्रिकेतला लूक्य होता, हेरोद राजाच्या मुलाबरोबर वाढलेला मनाएन होता, आणि पौल होता. येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा इथेच पडलं. जुन्या नावांत बसणार नाही असा गोतावळा एका घरात जेवत होता, तेव्हा शेजाऱ्यांना नवीन नाव शोधावं लागलं असावं.

पेत्र अंत्युखियात आला तेव्हा तोही सगळ्यांबरोबर जेवत होता. मग जेरुसलेमहून याकोबाकडची काही मंडळी आली. याकोब म्हणजे येशूचा भाऊ, जेरुसलेमच्या मंडळीचा कर्ता. ही मंडळी आली तसा पेत्र हळूहळू अंग काढून घेऊ लागला. त्याचं पाहून इतर यहुदी शिष्य उठले. शेवटी बर्णबाही उठला. दोन पंगती झाल्या. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हे सांगितलंय आणि वीस शतकं उलटली तरी त्या ओळींची धग जाणवते. तो पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर म्हणाला : तू यहुदी असून परराष्ट्रीयांसारखा राहतोस, मग परराष्ट्रीयांनी यहुद्यांसारखं राहावं अशी जबरदस्ती कशी करतोस?

पेत्राने कोणाला हाकललं नव्हतं. बाप्तिस्मा परत घेतला नव्हता. तो फक्त दुसरीकडे जाऊन बसला. पौलाच्या लेखी तेवढ्याने सगळं कोसळत होतं. कारण ‘आमंत्रण तुम्हालाही आहे, पण पान वेगळं वाढू’ म्हटलं, की आमंत्रणाचा अर्थच बदलतो. या वादात कोण जिंकलं ते पौल सांगत नाही. पेत्राने चूक कबूल केली असती तर पौलाने ते लिहिल्यावाचून सोडलं नसतं, असं अनेक अभ्यासक म्हणतात, आणि मलाही ते पटतं.

अंत्युखियातल्या या झगड्याच्या आगेमागे, इसवी सन ४९च्या सुमाराला, जेरुसलेममध्ये सभा बसली. परराष्ट्रीयांनी सुंता केलीच पाहिजे, असं म्हणणारे परुशी पंथातले विश्वासणारे होते. पेत्राने कर्नेल्याची गोष्ट पुन्हा सांगितली. बर्णबा आणि पौलाने आपले अनुभव सांगितले. निवाडा दिला तो याकोबाने, ज्याच्या माणसांमुळे अंत्युखियात पंगत मोडली त्यानेच. सुंता नको. चार गोष्टी पाळा : मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि अनैतिक संबंध यांपासून दूर राहा. चारपैकी तीन नियम ताटातले आहेत. लेवीय पुस्तकात इस्राएलात राहणाऱ्या परक्यांसाठी जे नियम आहेत त्यांच्याशी ते जुळतात. एका पंगतीला दोघांनाही बसता यावं म्हणून ही तडजोड असावी. यहुदी माणसाने परक्याला आपल्यासारखं करायचा हट्ट सोडावा, आणि परक्याने यहुदी शेजाऱ्याच्या घशाखाली घास उतरेल एवढं सांभाळावं.

या सभेत मत देणारे सगळे यहुदी होते, हे विसरता कामा नये. दार बाहेरून कोणी फोडलं नाही. ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांनी ते आतून उघडलं.

पंगत एक झाली तरी ती टिकवणं हे वेगळंच काम होतं. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सुखवस्तू लोक लवकर येऊन खाऊनपिऊन मोकळे होत आणि दिवसभराचं काम उरकून येणाऱ्या गरिबांना उपाशी बसावं लागे. पौलाने त्यांची चांगलीच हजेरी घेतली. तरीही या जेवणांत काहीतरी वेगळं घडत होतं, याची साक्ष विरोधकाकडून मिळते. इसवी सन ११२च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथुनिया-पंत प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजानला ख्रिस्ती लोकांविषयी पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो, की हे लोक सर्व वयांचे, सर्व दर्जांचे, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही आहेत. ते जेवायला एकत्र जमतात आणि ते जेवण साधं, निरुपद्रवी असतं. खरी माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या दासींना मंडळीत ‘सेविका’ हे पद होतं, हेही त्यानेच लिहून ठेवलं.

आणि मग पारडं फिरलं. दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत मंडळीत परराष्ट्रीय बहुसंख्य झाले होते. जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने एका यहुदी विद्वानाशी झालेला संवाद लिहिला आहे. येशूला मानणारा पण मोशेचे नियमही पाळणारा यहुदी तरेल का, असा त्यात प्रश्न येतो. जस्टिन म्हणतो, माझ्या मते तरेल. पण अशा लोकांशी बोलायला किंवा त्यांचा पाहुणचार करायलाही तयार नसलेले ख्रिस्ती आहेत, हे तो मान्य करतो. शंभर वर्षांत पाट उलटा मांडला गेला होता. पौलाने रोमकरांना आधीच बजावलं होतं, की तुम्ही जंगली जैतुनाची कलम केलेली फांदी आहात, मुळापुढे मिरवू नका. युरोपात पुढे यहुद्यांचं काय झालं ते पाहिलं, की ही ताकीद किती जणांच्या कानांत शिरली ते समजतं.

मेजवानीच्या दाखल्याचीही अशीच गत झाली. रस्त्यावरच्या लोकांना ‘आत यायला भाग पाड’ असं यजमान चाकराला सांगतो. कुंपणापाशी झोपणारा माणूस श्रीमंताच्या जेवणाला आपण होऊन येणार नाही, संकोचेल, म्हणून हात धरून आणायचा. आग्रह कसा असतो ते आपल्याकडच्या लग्नघरांना सांगायला नको. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने उत्तर आफ्रिकेतल्या दोनातिस्त पंथाविरुद्ध सरकारी बळ वापरण्याचं समर्थन करताना याच शब्दांचा आधार घेतला. आग्रहाची सक्ती झाली ती इथे, आणि पुढे अनेक शतकं तो आधार लोकांच्या हाताशी राहिला.

गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. अ. का. प्रियोळकरांनी त्याच्यावर इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथात १७३६चा जाहीरनामा दिला आहे. नवख्रिस्तींनी हिंदूंच्या कोणकोणत्या चालीरीती सोडायच्या याची त्यात लांबलचक यादी आहे. तिच्यात हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवायला मनाई आहे. जेरुसलेमच्या सभेने परक्यांना दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातून मोकळं केलं होतं. सतराशे वर्षांनी त्याच संदेशाच्या नावाखाली अंमलदार भाताच्या मडक्यापर्यंत आले. आणि एवढं करूनही जात गेली नाहीच. गोव्यातल्या चर्चच्या बंधुसंघांत, म्हणजे कॉन्फ्रारींत, जातीची वाटणी राहिली. तामिळनाडूतल्या वडक्कनकुलम गावी तर दोन हातांची चर्चची इमारत उभी राहिली, मध्ये भिंत : दोन जातींनी वेदी एकच बघायची, एकमेकांना बघायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती भिंत पाडली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराचा विचार करताना भारतीय ख्रिस्ती समाजातल्या जातीवर बोट ठेवलं, ते हवेतून नव्हे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत जिवंतपणे भेटतो तो एका घरात. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधल्या वर्षांत सोवळंओवळं, वेगळी चूल, कोणाच्या हातचं पाणी चालेल आणि कोणाच्या नाही, यांच्याशी लक्ष्मीबाईंची जी झटापट झाली ती त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात कसलाही आव न आणता, स्वतःला हसत सांगितली आहे. अंत्युखियातला पेत्र समजून घ्यायचा असेल तर एखादं भाष्य वाचण्यापेक्षा हे पुस्तक वाचावं. सवय देहात मुरलेली असते; पटल्यानंतरही हात आखडतो.

टिळक स्वतः आयुष्याच्या शेवटी आणखी पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा एक बंधुसमाज सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. ख्रिस्ताला मानायचं, पण परक्या चर्चचं सभासद व्हायचं नाही, असे अनेक लोक त्यांना आसपास दिसत होते. एका अर्थी ते विसाव्या शतकातले देवभीरू होते. १९१९च्या मे महिन्यात टिळक वारले आणि हा प्रयोग अर्धाच राहिला. जेरुसलेमच्या सभेने सुंतेची अट काढली, तशी बाप्तिस्म्याचीही काढता येईल का, या वादात दोन्ही बाजू कर्नेल्याचाच दाखला देऊ शकतात. आत्मा आधी उतरला, पाण्याची वाट न बघता, असं एक बाजू म्हणेल. दुसरी म्हणेल, खरं आहे; पण पेत्राने त्यानंतर पाणी मागवलंच ना?